तुमचे प्रश्न : कागदाचा भोवरा नीट फिरत का नाही?

मागच्या अंकात आपण वाचकांना विचारलं होतं की सुट्टीत मुलांबरोबर हाताने काय करता येईल, त्यात कुठे अडतं ते लिहून पाठवा. त्यातली बरीच पत्रं ओरिगामीच्या भोवऱ्यांबद्दल निघाली म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मुलगी सहा वर्षांची आहे, मोबाइल हातातून सुटत नाही. काहीतरी एकदम सोपं सांगा, बाजारातून किट वगैरे आणायला न लागणारं. मला स्वतःला ओरिगामीतलं होडी आणि विमान सोडून काही येत नाही. (एक आई, डोंबिवली)

होडी येते ना, मग झालंच, त्याहून सोपं आहे हे. घरात प्रिंटरचा ए-फोर कागद असेल तर तो घ्या, नसेल तर जुन्या कॅलेंडरचं पान, गिफ्टचा कागद, काहीही चालतं, फक्त फार गुळगुळीत प्लास्टिकसारखा नको कारण त्यावर घडी बसत नाही, परत उघडते. पहिलं काम चौरस करणं. ए-फोरची आखूड बाजू लांब बाजूवर आणून ठेवायची, तिरकी घडी पडते आणि शेवटी एक पट्टी उरते, ती कापून टाकायची. कागद २१ गुणिले २९.७ सेंटीमीटर असतो म्हणजे तुम्हाला २१ सेंटीमीटरचा चौरस मिळतो आणि ८.७ सेंटीमीटर रुंद पट्टी उरते. पट्टी फेकू नका, पुढे एका प्रश्नात तिचं काम आहे.

आता चौरसाच्या दोन्ही तिरक्या घड्या घालून उघडायच्या, जिथे त्या एकमेकींना कापतात तो मध्य. चारही कोपरे त्या मध्यावर आणून दाबायचे. झाला छोटा चौरस. परत त्याचे चारही कोपरे मध्यावर. आणि परत एकदा. प्रत्येक वेळी कागदाचे थर दुप्पट होतात, दोन, चार, आठ, आणि बाजू २१ वरून १४.८, मग १०.५, मग ७.४ सेंटीमीटर होते. तिसऱ्या वेळी कागद जाड होतो, सहा वर्षांच्या बोटांना जोर पुरत नाही, तिथे घडी चमच्याच्या मागच्या बाजूने घासायला द्या, मुलांना ते काम फार आवडतं. कोपऱ्यांची टोकं मधे जिथे भेटतात तिथे फेव्हिकॉलचा एकच ठिपका. वाळला की खाली खोडरबर ठेवून कर्कटकाच्या टोकाने मध्यावर भोक पाडा (हे काम मोठ्यांचं) आणि त्यातून टूथपिक घाला, खाली दीडेक सेंटीमीटर टोक राहील अशी. टूथपिक ढिली वाटली तर तिथे अजून एक ठिपका.

भोवरा तयार. तो चटईवर किंवा चादरीवर फिरवू नका, लगेच पडेल आणि मुलीचा हिरमोड होईल. स्टीलचं ताट घ्या, किंवा परात असेल तर अजून छान, काठामुळे तो पळून जात नाही. दोन बोटांत टूथपिकचं वरचं टोक धरून चुटकी वाजवतो तसं फिरवायचं. पहिल्यांदा जमणार नाही, बोटं सोडायची वेळ चुकते, पण हे मुलं बघून नाही तर करूनच शिकतात, त्यामुळे तुम्ही एकदा फिरवून दाखवा आणि बाजूला बसा.

माझा मुलगा आठ वर्षांचा. भोवरा केला पण तो इतका डगमगतो की दोन गिरक्या घेऊन आडवा. मी घड्या उलगडून परत नीट घालून दिल्या, तर आता तो म्हणतो हा माझा नाहीच, आणि रुसून बसलाय. मी काय चुकीचं केलं? (एक बाबा, छत्रपती संभाजीनगर)

मुलगा बरोबर बोलतोय असं मला वाटतं. तुम्ही चांगल्या मनाने केलंत यात शंका नाही पण तो भोवरा आता खरंच तुमचा झाला. कागदाच्या बाकीच्या गोष्टींमधे, म्हणजे पक्षी, बेडूक, फूल यात, घडी वाकडी पडली तर ती वाकडी आहे हे कोणीतरी मोठं माणूस सांगतं. भोवऱ्यात ते सांगायची गरजच नसते, भोवरा स्वतः सांगतो. मला म्हणूनच मुलांसाठी भोवरा सगळ्यात जास्त आवडतो. मुलाने फिरवला, तो डगमगला, आता का डगमगला हे शोधायचं काम मुलाचं, आणि तुमचं काम फक्त कुठे बघायचं ते दाखवणं.

डगमगणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही डोळ्याने वेगळं ओळखू येतं. भोवरा हळूच बोटांनी फिरवायचा आणि डोळा ताटाच्या उंचीला आणून बाजूने बघायचं. कागदाची कडा एकदा वर एकदा खाली जाताना दिसत असेल तर टूथपिक तिरकी बसलीय, ती सरळ करायची, ठिपका ओला असतानाच करायची म्हणजे सोपं जातं. कडा सपाट फिरतेय पण अख्खा भोवराच थरथरतोय, इकडे तिकडे पळतोय, तर भोक मध्यावर नाही किंवा एका बाजूला कागद जास्त आलाय.

दुसरा दोष शोधायची एक फार छान युक्ती आहे. सारख्या उंचीचे पुस्तकांचे दोन गठ्ठे जवळजवळ ठेवा, मधे फट, आणि टूथपिकची दोन टोकं दोन गठ्ठ्यांवर टेकवून भोवरा त्या फटीत आडवा लटकवा. गठ्ठे सहाएक सेंटीमीटरपेक्षा उंच हवेत, नाहीतर कोपरा खाली टेकतो. हलकेच टिचकी मारून सोडला की तो थोडा फिरतो आणि थांबतो. दोन-तीन वेळा करा, दरवेळी एकच कोपरा खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे. मग बरोबर समोरच्या बाजूला सेलोटेपचा छोटा तुकडा लावायचा, परत लटकवायचा, परत बघायचं. जेव्हा तो कुठेही थांबायला लागेल तेव्हा बॅलन्स झाला. टायरच्या दुकानात गाडीच्या चाकाला रिमवर छोटी वजनं लावतात ना, ते हेच काम असतं, तिथे मशीन सांगतं एवढाच फरक. मुलाला पुढच्या वेळी टायरवाल्याकडे घेऊन जा आणि दाखवा, आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं, नक्की कळतं.

आता रुसवा कसा काढायचा. नवा कागद द्या, जुन्या भोवऱ्याबद्दल बोलू नका, आणि तुम्ही पण एक करायला घ्या, तुमचा वेगळा. घड्या घालताना एकच गोष्ट सांगा, की कोपरा मध्याच्या पुढे नको जायला, केसभर मागे राहिला तरी चालेल. कागदाला जाडी असते आणि प्रत्येक थराबरोबर घडी थोडी फुगते, त्यामुळे कोपरे एकमेकांवर चढले की तिसऱ्या घडीला सगळं वाकडं होतं. केसभर फट ठेवली की ती फुगवट्यात भरून निघते. हे सांगून हात मागे घ्या. त्याचा भोवरा थोडा डगमगला तरी तोच त्याला प्रिय असणार आहे.

आमच्या सोसायटीतली मुलं दोन कागदांचा निंजा स्टार (टोकदार चांदणीसारखा आकार) करून त्यात टूथपिक घालून फिरवतात. माझ्या मुलाचे दोन भाग एकमेकांत अडकतच नाहीत. (एक आई, ठाणे)

दोन्ही भाग एकसारखे केले असणार. ते आरशातल्यासारखे उलटे हवेत. एकाची तिरकी घडी उजवीकडे तर दुसऱ्याची त्याच जागी डावीकडे. करताना दोन्ही भागांच्या पट्ट्या समोर शेजारी शेजारी ठेवायच्या, एका पट्टीची एक घडी घातली की लगेच दुसरीची उलटी घडी घालायची, एक पूर्ण करून मग दुसरी घ्यायची नाही. बस एवढंच.

टूथपिक आणि फेव्हिकॉल वापरला तर ते ओरिगामी राहतं का? माझी बारा वर्षांची भाची म्हणते ही चीटिंग आहे. (एक मावशी, पणजी)

भाचीचा आग्रह मला आवडला. कागद कापायचा नाही, चिकटवायचा नाही, हा नियम बरेच ओरिगामीवाले पाळतात आणि बारा वर्षांच्या मुलीने तो पाळावा, त्यात मजा आहे. तिच्यासाठी मानपेई अराई या जपानी कलाकाराच्या नावाने ओळखला जाणारा तीन कागदांचा भोवरा आहे, तीन सारख्या मापाचे चौरस, एकाचा तळ, एकाचा मधला भाग, एकाची मूठ, आणि तिन्ही एकमेकांच्या खिशात अडकतात, ना डिंक ना काडी. जपानमधे ओरिगामीचा कागद बहुतेक १५ सेंटीमीटरच्या चौरसातच मिळतो आणि या भोवऱ्याला ते माप चांगलं. इथे तो आणायलाच पाहिजे असं नाही, घोटीव कागद तीन रंगांचा आणून कापला तरी होतं, रंग वेगवेगळे घेतले तर फिरताना कडीकडीने दिसतात. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलांना यात ओढू नका, आधी काडीवालाच करू द्या.

जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात चाळीसेक मुलं. भोवरे सगळ्यांनी केले, दोन दिवस खेळली, आता पुढे काय? विज्ञानाशी जोडता येईल का, खर्च न करता? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

बाई, तुमच्या पत्राने फार आनंद झाला. चाळीस मुलांकडून भोवरे करून घेणं हीच मोठी गोष्ट आहे. आणि पुढे करण्यासारखं इतकं आहे की एका उत्तरात मावणार नाही, मी मला सगळ्यात आवडणारं तेवढं सांगते.

भोवऱ्यावर कागदाची गोल चकती बसवायची, मधे भोक, म्हणजे ती बदलता येते. आधी रंग. अर्धी चकती लाल, अर्धी पिवळी, फिरवली की नारिंगी दिसते, मुलं ओरडतात. मग निळा आणि पिवळा द्या आणि फिरवायच्या आधी विचारा कुठला रंग दिसेल. सगळा वर्ग हिरवा म्हणेल कारण रंगपेटीत तसंच होतं. फिरवल्यावर हिरवा येत नाही, राखाडीकडे झुकणारा काहीतरी रंग येतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८५५ च्या सुमारास हेच केलं होतं, भोवऱ्यावर रंगीत कागदाच्या चकत्या बसवून त्या फिरवायच्या आणि डोळ्याला काय दिसतं ते मोजायचं, आणि निळा-पिवळा मिळून हिरवा होत नाही हे त्यालाही तसंच दिसलं. कारण असं की रंगपेटीत दोन रंग मिसळले की प्रत्येक रंग प्रकाशातला आपापला भाग खाऊन टाकतो आणि उरलेला आपल्याला दिसतो, भोवऱ्यावर मात्र दोन्ही रंगांचा प्रकाश आळीपाळीने इतक्या पटकन डोळ्यात येतो की डोळा त्यांची बेरीज करतो. चौथीच्या मुलांना एवढं समजावून सांगायची घाई नको, त्यांना फक्त चकित होऊ द्या आणि वहीत लिहू द्या की मला वाटलं हे आणि दिसलं ते. सात रंगांची चकती केलीत तर पांढरी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, खडूच्या रंगांनी ती मळकट राखाडीच दिसते, तसं आधीच सांगा म्हणजे मुलांना आपलं चुकलं असं वाटणार नाही.

दुसरं, याला तर फक्त काळं पेन लागतं. पांढऱ्या चकतीचा अर्धा भाग पूर्ण काळा करायचा. उरलेल्या पांढऱ्या अर्ध्या भागाचे चार सारखे वाटे करायचे आणि प्रत्येक वाट्यात दोन-तीन काळ्या वक्र रेघा काढायच्या, कंपासने, पहिल्या वाट्यात मध्याच्या जवळ, पुढच्यात थोड्या लांब, असं करत शेवटच्या वाट्यात कडेजवळ. भर उजेडात फिरवा आणि वेग थोडा उतरायला लागला की नीट बघा, काळ्या रेघांच्या जागी फिकट रंग दिसायला लागतात, लालसर, हिरवट, निळसर. कागदावर रंग नाहीच आणि तरी दिसतो! चार्ल्स बेनहॅम नावाच्या इंग्रज माणसाने १८९५ मधे असा भोवरा खेळणं म्हणून विकला होता आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. सगळ्यांना रंग एकसारखे दिसत नाहीत, त्यामुळे मुलांमधे वाद होतील, होऊ द्या. आणि अजून एक, भोवरा उलटा फिरवला की रंगांचा क्रम उलटा होतो. वर्गात एखादं डावखुरं मूल असेल तर ते बहुतेक उलट्या दिशेनेच फिरवतं, त्याला पुढे बोलवा. एरवी प्रत्येक कामात ज्याला हात बदल म्हणतात त्या मुलाचा भोवरा इथे वेगळं काही दाखवतो, हे सगळ्या वर्गाने बघावं असं मला मनापासून वाटतं.

कागदाचा प्रश्न असेल तर जुन्या वह्यांची कोरी पानं, लग्नपत्रिका, कॅलेंडर. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायचं जे काम आयुष्यभर केलं ते इंटरनेटवर फुकट बघता येतं, मराठीतही आहे, ते वर्गात जरूर दाखवा.

आमच्या लहानपणी लाकडी भोवरा दोरी गुंडाळून टाकला की किती वेळ घुमायचा. नातवाचा कागदी भोवरा अर्ध्या मिनिटात झोपतो. जास्त वेळ फिरवायला काही उपाय? (एक आजोबा, कुडाळ)

आजोबा, तुम्ही कुडाळचे म्हणजे सावंतवाडीच्या लाकडी भोवऱ्यांच्या शेजारचे, तो भोवरा हातावर घेतलेला असणार तुम्ही. त्याची बरोबरी कागद करणार नाही. ए-फोरमधून कापलेल्या त्या चौरसाचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं, लाकडी भोवरा त्याच्या कितीतरी पट जड, शिवाय दोरीचा लांब झटका त्याला जेवढा वेग देतो तेवढा दोन बोटांच्या चुटकीने मिळत नाही. आणि त्याची लोखंडी आर, म्हणजे खालचं टोक, बारीक, घासते कमी. खरं तर कागदाने अर्धं मिनिट काढलं तर नातवाचं कौतुक करायला हवं.

तरी दोन गोष्टी करून बघा. वजन मध्यापासून लांब असेल तर भोवरा उशिरा थांबतो. तोच कागद दोनच घड्यांवर थांबवला तर १०.५ सेंटीमीटरचा रुंद भोवरा होतो, तीन घड्यांचा ७.४ चा, वजन दोघांचं सारखंच. रुंद जास्त फिरायला हवा, पण तो हवेला जास्त अडतो आणि थोडा कलला की कोपरा जमिनीला लागतो. दोन्ही करा आणि नातवाला घड्याळ लावून मोजू द्या. अरुंद भोवऱ्याच्या चार कोपऱ्यांच्या घडीत सारख्या मापाचे पुठ्ठ्याचे चार तुकडे सरकवले तर दोन्ही फायदे मिळतात, फक्त तुकडे अगदी सारखे हवेत.

दुसरा उपाय म्हणजे ओरिगामी सोडून गुंडाळीचा भोवरा. वर म्हटलं होतं ती ८.७ सेंटीमीटरची उरलेली पट्टी फेकू नका, तिच्या एक-एक सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि टूथपिकवर घट्ट गुंडाळत जायचं, एक संपली की दुसरी तिला जोडायची. चार कागदांच्या पट्ट्या लागल्या तर तीनेक सेंटीमीटरची भरीव चकती होते, शेवटाला डिंक. ही सगळ्या बाजूंनी आपोआप सारखी असते त्यामुळे डगमगत जवळजवळ नाही. लग्नपत्रिकेचा कागद घेतलात तर अजून जड. गुंडाळायला वेळ लागतो, आजोबा-नातवाच्या एका दुपारचं काम आहे, एकाने धरायचं एकाने गुंडाळायचं.

मुलगी अकरा वर्षांची, हे सगळं करून झालंय तिचं. काहीतरी अवघड सांगा. (एक आई, योकोहामा, जपान)

तुमच्याकडे तर नवीन वर्षाला भोवरे खेळायची पद्धतच आहे आणि कागदाची दुकानं पण भरलेली, मला हेवा वाटला! तिला फुंकरीने फिरणारा भोवरा करू द्या. सहा सारखे चौरस लागतात, कागद कापायचा नसेल तर ७.५ सेंटीमीटरचे तयार घ्या. प्रत्येकाच्या दोन्ही तिरक्या घड्या घालायच्या, कागद उलटा करायचा, आता दोन्ही सरळ घड्या, आणि मग बाजू आत ढकलून त्रिकोण मिटवायचा. हाच आकार पाण्याचा कागदी फुगा करताना सुरुवातीला येतो, तिला येत असेल. तो उघडला की चार पंख होतात. असे सहा.

जोडताना नियम एकच आहे आणि तो सहाही भागांनी पाळायचा. प्रत्येक भागाचे समोरासमोरचे दोन पंख शेजाऱ्यांच्या पंखात शिरतात आणि उरलेले दोन पंख शेजाऱ्यांना आपल्या आत घेतात. चार भाग पटकन बसतात, पाचव्याला बाकीचे निसटायला लागतात, सहावा सगळ्यात कठीण कारण त्याचे चारही पंख एकाच वेळी बसवायचे असतात. तिथे कोणीतरी दोन्ही हातांनी नुसतं धरून ठेवायला लागतं, ते तुम्ही करा. आकार पूर्ण झाला की समोरासमोरची दोन टोकं दोन तळव्यांच्या मधे अगदी सैल धरायची आणि मध्यावर न फुंकता एका बाजूला फुंकायचं. गरगर फिरतो. कुठे फुंकलं की जास्त फिरतो हे तिचं ती शोधेल.

घरात दीड वर्षाचं लहान भावंड आहे. टूथपिकची भीती वाटते. (दोन-तीन पत्रं)

भीती बरोबर आहे. टूथपिकचं वरचं टोक आधीच कापून बोथट करा आणि खालचं टोक फरशीवर चार वेळा घासा, थोडं गोल झालं तरी भोवरा फिरतो. लहान बाळ जमिनीवर रांगत असेल त्या वेळी काडीवाले भोवरे नकोतच, खेळ झाला की मोजून डब्यात, आणि डबा वर. गुंडाळीचा भोवरा पण तोंडात मावेल एवढा लहान असतो हे लक्षात ठेवा. बाळाला हवाच असेल तर टूथपिक न घातलेला घड्यांचा चौरस हातात द्या, तुमच्यासमोर, आणि चघळून लगदा व्हायच्या आत काढून घ्या.